पोराचे पैसे

आमच्या भागात एखादं माणूस अवचित गेलं, म्हणजे रस्त्यावर, तारेला चिकटून किंवा यंत्रात सापडून, की राख सावडायच्या आधीच दारात दोन तऱ्हेची माणसं येतात. एक म्हणतो, "झालं ते झालं. कोर्टकचेरी करून गेल्यालं माणूस परत येणार हाय का?" दुसरा म्हणतो, "केस ठोका. पंचवीस लाखाच्या खाली सोडायचं न्हाई." पहिल्याच्या बोलण्यात माया असते, कधीकधी समोरच्याची वकिलीही असते. दुसऱ्याच्या बोलण्यात मदत असते, कधीकधी टक्केवारीही असते. दोघांच्या मधी बसलेल्या घराला रडावं की कागद गोळा करावेत, ते कळत नाही.

या दोघांच्या बोलण्याखाली एक तिसरा प्रश्न असतो, तो कुणी उघड बोलत नाही. आपल्या माणसाच्या मरणाचे पैसे घ्यावेत का? घेतले तर आपण त्याला विकलं असं होतं का? मी दहावी शिकलेला शेतकरी. कायदा मला शाळेत कुणी शिकवला नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसून सहा वर्षांत जेवढा कानावर पडला आणि नंतर विचारून, वाचून जेवढा समजला, तेवढाच मला ठाऊक. पण हा प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे. तो घरात, चुलीपुढं सोडवावा लागतो.

आमच्या दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाचा, मुलगा २०१६ च्या पावसाळ्यात गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. त्या आठवड्यात रात्रीची लाइट होती. मोटार चालू करायला बांधावरनं निघाला. वरची तार तुटून गवतात पडली होती, ती अंधारात दिसली नाही. त्या तारा लोंबकळत होत्या म्हणून गावानं दोनदा अर्ज दिले होते. मागं त्याची बायको, तीन वर्षांची मुलगी, दहा महिन्यांचा मुलगा, आई आणि बाप.

पाचव्या दिवशी वीज कंपनीकडचा एक माणूस आला. चहा घेतला, हळहळला आणि म्हणाला, "आमच्याकडनं थोडीफार मदत बघतो. तेवढी एका कागदावर सही द्या, तक्रार न्हाई म्हणून." दादानं तो कागद परत दिला. पण त्याच संध्याकाळी आम्ही भरपाईचं बोललो, तेव्हा तो आमच्यावरही तेवढाच भडकला.

"माझं पोरगं काय बैल हाय का, बाजारात न्यायला? त्या पैशाचं आणल्यालं तांदूळ माझ्या घशाखाली उतरतील व्हय?"

कुणी काही बोललं नाही. सुनेनं मान खाली घातली होती. तेराव्यानंतर मी परसात पाणी प्यायला गेलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "तात्या, मामंजींचं खरं असंल. पण ह्या दोघांचं कसं करायचं, ते त्यांनीच सांगावं."

दोघांचंही बरोबर होतं, आणि दोन्ही एकदम होणार नव्हतं. मी पुष्कळ दिवस यावर विचार केला. दादाचं म्हणणं अडाण्याचं म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. आपल्याकडं काही गोष्टी विकत नाहीत. लेकीचा हुंडा घेणारा बाप आपण नावं ठेवून दाखवतो, पिंडाचा भात कुणी मोजून देत नाही. माणूस एका पारड्यात आणि नोटा दुसऱ्या पारड्यात ठेवल्या की पोटात ढवळतं. ते ढवळणं बंद झालं, तर माणसात बिघाड झाला असं मी समजेन.

पण कायदा नेमकं काय मोजतो, ते बघितल्यावर मला वाटलं की दादा ज्याला नकार देतोय ते कायदा मागतच नाही.

इंग्रजांच्या काळात, १८५५ साली, आपल्याकडं प्राणघातक अपघातांचा एक कायदा झाला. तो अजून चालू आहे. त्याच्या आधी इंग्रजी रीत अशी होती, की माणूस जखमी झाला तर तो दावा करू शकतो, पण मेला तर त्याचा दावा त्याच्याबरोबरच जातो. म्हणजे पाय मोडणाऱ्याला भरपाई द्यावी लागे आणि जीव घेणारा सुटे. १८५५ च्या कायद्यानं सांगितलं की दुसऱ्याच्या चुकीनं किंवा हयगयीनं माणूस मेला, तर त्याची बायको किंवा नवरा, आईबाप आणि मुलं यांच्यासाठी दावा करता येतो. भाऊ, चुलता, भावकी त्यात नाही. का नाही? कारण इथं मेलेल्याची किंमत काढायचीच नाही. त्याच्या जाण्यानं जगणाऱ्यांच्या आयुष्यात जो खड्डा पडला, तो मोजायचा आहे. छपराची मेढ मोडली की आपण मेढीसाठी रडतो, पण पाऊस छपरातनं आत येतो. भरपाई छपराची असते, मेढीची नव्हे.

हिशेब कसा करतात, तेही मी वकिलांकडनं समजून घेतलं. मोटार अपघातासाठी सर्वोच्च न्यायालयानं २००९ आणि २०१७ च्या निकालांत जी रीत घालून दिली, तीच विजेच्या दाव्यातही न्यायालयं बहुधा उसनी घेतात. समजा गेलेला माणूस २८ वर्षांचा, महिन्याला १२,००० कमावणारा. वर्षाचे झाले १,४४,०००. तो पुढं वाढला असता म्हणून, चाळीशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसासाठी त्यात ४० टक्के घालायचे. झाले २,०१,६००. त्यातला काही भाग त्यानं स्वतःवर खर्च केला असता. घरात अवलंबून चौघं असतील तर चौथा हिस्सा वजा. राहिले १,५१,२००. या वयाला १७ नं गुणायचं. झाले २५,७०,४००. वर अंत्यविधीचा खर्च, बायकोचा वियोग अशा ठरीव रकमा.

हा हिशेब मी दादाला वहीवर करून दाखवला. बारावी झालेल्या पुतण्यानं विचारलं, "चौघांत दादा धरलं का?" नाही. कमावत्या बापाला वेगळा पुरावा नसला तर अवलंबून धरत नाहीत. बायको, दोन मुलं आणि आई. बापाचं दुःख कुठं आहे मग? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आईबापांनी गमावलेल्या लेकराच्या वियोगालाही ठरीव रक्कम दिली, साधारण ४०,०००.

दादा बराच वेळ वहीकडं बघत राहिला. मला वाटलं, आता वही फेकतोय. तो म्हणाला, "चाळीस हजारात धड गाय येत न्हाई. म्हंजे त्यांनीबी मान्य केलं, की ह्ये मोजता येत न्हाई."

दहा पुस्तकं वाचूनही मला जे सांगता आलं नसतं, ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. पोराचा घाम, त्याचं पीठमीठ, मुलांच्या वह्या मोजता येतात. ते मोजून घ्यावेत. त्याचं हसणं मोजता येत नाही, आणि न्यायालय ते मोजल्याचा आवही आणत नाही. तो दावा लावायला त्या दिवशी तयार झाला असं नाही. पण विकण्याचा शब्द त्यानं परत काढला नाही.

या मोजणीत अन्यायही पुष्कळ झाला आहे. आमच्याकडं बाई गेली की लोक विचारतात, "ती काय कमवत व्हती?" पहाटे चारला उठून शेणघाण, धारा, भाकरी, भांगलण करून रात्री अकराला आडवी होणारी बाई कमवत नव्हती! १९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभात आग लागून बायका-पोरं गेली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली. २०२१ मध्ये त्याच न्यायालयानं परत ठासून सांगितलं, की घरातलं काम हे कामच आहे आणि त्याचं मोल धरलंच पाहिजे. आपल्या घरात जे मोल जिवंतपणी कुणी केलं नाही, ते न्यायालयानं मेल्यावर केलं. याची लाज न्यायालयाला नाही, आपल्याला वाटली पाहिजे.

आता दुसरा प्रश्न. हक्क सोडायचा झाला, तर तो सोडणारा कोण?

गावात "मिटवून टाका" हा शब्द फार चालतो. पंच बसतात, आकडा ठरतो, म्हातारा अंगठा उठवतो. पण ज्याचं सगळ्यात जास्त गेलं, ते पोर पाळण्यात असतं. त्याला विचारलं कुणी? कायद्यानं इथं शहाणपण दाखवलंय. अज्ञान मुलाच्या वतीनं चाललेल्या दाव्यात तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. मुलाच्या वाट्याचा पैसा बहुतेक वेळा ते सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेव म्हणून ठेवायला लावतात. आजा कितीही थोर मनाचा असला, तरी नातवाच्या ताटातली भाकरी दान करण्याचा अधिकार त्याला नाही.

क्षमेचंही तसंच आहे. माळकरी घरात जन्मलो म्हणून मला क्षमेची ओढ आहे. पण क्षमा ही माझी मी करायची गोष्ट आहे. माझ्या मनातला राग मी सोडू शकतो. सुनेचा आणि तिच्या लेकरांचा हक्क मी सोडू शकत नाही. आणि फौजदारी गुन्हा तर आपल्याला मिटवताच येत नाही. हयगयीनं मृत्यू घडवल्याला जुन्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत झाली. तो गुन्हा सरकार चालवतं, भरपाईचा दावा आपण चालवायचा. दोन वेगळ्या वाटा आहेत. फौजदारीत माणूस सुटला म्हणून भरपाई बुडत नाही. हे ठाऊक नसल्यानं कितीतरी घरं पहिल्या निकालानंतरच गप्प बसली.

शेवटी दादाच्या मनाला कशानं हलवलं, ते सांगतो. कंपनीचं म्हणणं आलं, की वारा-पाऊस होता, तार अचानक तुटली, त्यानं बॅटरी घेऊन, बघून चालायला पाहिजे होतं. म्हणजे मेला तोच चुकला! तेव्हा दादा उठला. पैशासाठी तो कोर्टात गेला नसता. पोरावर आलेला आळ पुसायला गेला.

आणि कायदा याबाबतीत स्वच्छ आहे. मध्य प्रदेशात १९९७ मध्ये एक कामगार पावसाळी रात्री सायकलवरनं घरी येत होता. रस्त्यावर पाणी, त्यात जिवंत तार पडलेली. तो गेला. वीज मंडळानं सांगितलं, कुणीतरी चोरून वीज घ्यायला ती तार ओढली होती, आमचा दोष नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये ते ऐकलं नाही. जो जिवाला धोक्याची वस्तू बाळगतो, त्यानंच ती आवरायची. हयगय सिद्ध झाली नाही तरी जबाबदारी त्याचीच. शेतकऱ्याला हे समजायला निकाल वाचावा लागत नाही. मारका बैल पाळणाऱ्यानं बैल बांधायचा असतो, गावानं त्याला चुकवत फिरायचं नसतं.

आमच्या वकिलाची नोटीस गेली आणि महिन्याभरात शिवारातले चार खांब सरळ झाले, तारा ओढल्या गेल्या. गावाचे अर्ज दोन वर्षं पडून होते. तेव्हापासून मला भरपाईचा आणखी एक अर्थ कळला. माणूस मेलेला स्वस्त पडत असेल, तर तार दुरुस्त करणं कुणालाही महागच वाटणार. दाव्याचा पैसा एका घरात येतो, पण त्याची भीती पुढच्या दहा घरांना वाचवते.

इथपर्यंत न्याय सोपा वाटतो, कारण समोर मोठी कंपनी आहे. समोर आपल्यातलाच माणूस असला, की मग कस लागतो. शेजारच्या गावात रात्री उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकून एक मोटारसायकलवाला गेला. ट्रॉलीला मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही आणि विमा संपलेला. विमा असता तर दावा मालकावर झाला तरी पैसे विमा कंपनीनं भरले असते. आता सगळा बोजा तीन एकरवाल्या मालकावर. एक एजंट आला, म्हणाला, "विमा असल्याली दुसरी गाडी दाखवू. तुमाला पैसं, मालक सुटला, सगळ्यांचं भलं." मेलेल्याच्या सासऱ्यानं त्याला उभ्यानंच परत लावलं. "खोट्या गाडीखाली माझा जावई मेला न्हाई," एवढंच बोलला. पुढं लोकअदालतीत तडजोड झाली. मालकानं अर्धा एकर विकून हप्त्यानं रक्कम फेडली. लोकअदालतीचा निवाडा शेवटचा असतो, त्यावर अपील नाही. त्या दोन्ही घरांत मी जाऊन आलोय. एका घरी माणूस नाही, दुसऱ्या घरी जमीन नाही. यात पूर्ण न्याय झाला असं म्हणवत नाही. पण खोट्या गाडीवर उभा केलेला न्याय त्या पोरांना काय शिकवून गेला असता, ते मला दिसतं. आणि विम्याचा हप्ता चुकवणं हा केवळ पैशाचा नाही, नीतीचा प्रश्न आहे, हेही दिसतं.

आपण शेतकरी दर वेळी मार खाणाऱ्याच्या बाजूला नसतो. आपल्या ट्रॅक्टरवर, मळणी यंत्रावर काम करणारा मजूर गेला तर भरपाईच्या कायद्यानं आपण मालक ठरतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्यांत दुसऱ्याच्या रानात रोजानं फवारणारे मजूरही होते. औषध कुणी बनवलं, कुणी विकलं हे विचारायलाच पाहिजे. पण तोंडाला फडकं बांधायला दिलं होतं का, हेही रानाच्या मालकाला विचारलं पाहिजे. आपल्या पोरासाठी मागतो तोच न्याय मजुराच्या पोराला नाकारला, तर आपला दावा हा न्याय नव्हे, नुसती वसुली.

घरात पैसा आल्यावरची गोष्टही सांगायला हवी, कारण खरी भांडणं तिथं लागतात. तरुण सून परत लग्न करील आणि पैसा घेऊन जाईल, ही भीती सासरच्यांना खाते. मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं, की विधवेनं पुन्हा लग्न केलं म्हणून तिची भरपाई जात नाही. मला हे पटतं. तिचा नवरा गेला तो गेलाच. पुढं तिला सुख मिळालं तर ते मागच्या दुःखातनं वजा करायचं कशाला? दादा यावर काही बोलला नाही. पण बँकेत खातं काढताना त्यानं सुनेचं खातं वेगळं काढायला लावलं, ते मी बघितलं.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये" असं आपण म्हणत आलोय. ही म्हण कुणाच्या फायद्याची आहे, याचा एकदा विचार करा. ज्याच्याकडं दोष आणि पैसा दोन्ही आहे, त्याला शहाणी माणसं फार आवडतात. पायरी उंच आहे, हे खरं. आमची सहा वर्षं गेली. पण बाई आणि मूल यांना, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यानं फुकट वकील मिळतो, कोर्ट फीचाही भार पडत नाही. तालुक्याच्या कोर्टातच त्या समितीचं काम चालतं. वाहनाच्या अपघातात दाव्याला सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातलीय, १८५५ च्या कायद्याखालच्या दाव्याला दोन वर्षांची. अनोळखी वाहन उडवून पळून गेलं तरी २०२२ पासून मृत्यूला दोन लाख मिळतात. शेतकऱ्याला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतनं दोन लाख मिळतात. आमच्या पोराला तेही मिळाले नाहीत, कारण जमीन बापाच्या नावावर होती. खातेदाराच्या घरातला आणखी एक माणूस त्यात नंतर घेतला गेला. म्हणून पोस्टमॉर्टेम करू देऊ नका म्हणणाऱ्याचं ऐकू नका, पंचनाम्याची नक्कल घ्या, कोऱ्या कागदावर सही करू नका. दुःखात हे सुचत नाही. घरातल्या एकानं तरी डोकं शाबूत ठेवायचं असतं.

२०२२ मध्ये निकाल लागला. मागितल्यापेक्षा कमी, पण व्याजासकट. निकालात एक ओळ होती, की मयताचा कोणताही दोष दिसून येत नाही. दादानं ती ओळ वकिलाला दोनदा वाचायला लावली. सुनेनं तिच्या वाट्यातनं दोन म्हशी घेतल्या, शिलाईचं यंत्र घेतलं. पोरं शाळेत जातात. मुलगी आता आकडेमोडीत हुशार आहे.

दादाच्या नावावर आलेली रक्कम बँकेत तशीच आहे. त्यानं ती नाकारली नाही आणि काढलीही नाही. मी त्याला समजवायला जात नाही. घेणं योग्य होतं, हे त्याला पटलंय. पण पटलेलं सगळंच घशाखाली उतरत नाही, आणि उतरलंच पाहिजे असंही नाही. न्याय घराचं छप्पर सावरू शकतो, तेवढं त्यानं केलं. बाकीचं ज्याचं त्यानं सोसायचं.